उघडं कार्ड

गिरगाव, ६ फेब्रुवारी २०२५

चि. प्राचीस मामाचे अनेक आशीर्वाद.

तक्रार गंभीर आहे. रविवारी येऊन तू तुझ्या आईला साखरेचा डबा लपवायला सांगून गेलीस. निर्गुण ब्रह्म मी वर्गात पुष्कळ शिकवलं. निर्गुण चहा प्यायची पाळी येईल असं वाटलं नव्हतं.

दुसरं असं, की ताईच्या गाठीचा तुकडा तपासायला गेलाय तो तुमच्याच इस्पितळात. डॉक्टर १७ तारखेला सांगणार म्हणे. तू तिथली सिस्टर, कॉम्प्युटर तुझ्या पुढ्यात. जरा उघडून बघ ना. कुणाला कळतंय?

कार्डावर मावला तेवढा लोभ धाडला आहे.

हितेंद्रमामा

परळ, १० फेब्रुवारी

ती. मामांस प्राचीचा शि. सा. नमस्कार.

साखर तूरडाळीच्या मागे आहे. एकच चमचा.

मामा, असलं कुणी पोस्टकार्डावर लिहितं का! आमच्या क्वार्टर्समध्ये टपाल जिन्याखाली ठेवतात. तुमच्या ‘कुणाला कळतंय?’खाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय, ‘मामा, सगळ्यांना.’

मी हाडांच्या वॉर्डात. आईचे कागद माझ्या कामाचे नाहीत. माझ्या पासवर्डने ते उघडतील, पण कुणी उघडले याची नोंद राहते आणि जाब द्यावा लागतो. नोंद राहत नसती तरी मी बघितलं नसतं. आईने बजावलंय, की माझ्याआधी तू जाणून घेऊ नकोस, तुझा चेहरा मला वाचता येतो.

माझ्या खोलीतली माया पॅथॉलॉजीत आहे. हे रिपोर्ट तीच कॉम्प्युटरवर चढवते, म्हणजे तिला ठाऊक असणार. तिने तुमचं कार्ड माझ्या उशाशी आणून ठेवलं आणि कोलंबीत मीठ जास्त झालंय का, एवढंच विचारलं. मीही तेवढंच सांगितलं.

ओरडलेय, पण लोभ तसाच ठेवा.

तुमची प्राची

गिरगाव, १३ फेब्रुवारी

चि. प्राचीस आशीर्वाद. (पाकिटातून. डिंक दोनदा लावला आहे.)

पेन्सिलवाल्या विदुषीला माझा नमस्कार कळव.

तुझं पत्र गॅलरीत उभ्याने वाचलं. आपल्या चाळीत खालच्या मजल्यावर कुणी शिंकलं की वरून काढा येतो. न सांगणं म्हणजे परकेपणा, असंच मी धरून चाललो होतो. आणि इथे तुम्ही दोघी एका ताटात जेवता. एक जाणून गप्प, दुसरी न विचारता गप्प. एवढ्या लोकांची दुःखं तुमच्या बोटांखाली, आणि तुम्ही मिठाबद्दल बोलता! मौनव्रत मी जन्मभर मुलांना समजावलं गं. कोलंबीसकट पाळलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

ताईला पत्र वाचून दाखवलं. चहात न मागता साखर पडली.

सोमवारी मी तिच्याबरोबर येतो. तू डॉक्टरांच्या दाराशीच थांब. खरं सांगू? मला रिपोर्टची घाई नव्हती. आधी कळलं असतं तर चेहऱ्याची तयारी झाली असती. तुझा वाचते तसा ती माझाही वाचते, लहानपणापासून. डॉक्टर काही वाईट बोलले तर तिच्यापुढे तो मला सांभाळता यायचा नाही. मला फार भीती वाटते आहे.

हितेंद्रमामा