म्हातारीच्या आतला हात

बाई, तुम्ही दिलेली म्हातारी अजून माझ्याकडे आहे. कागदाच्या लगद्याचं डोकं, कापसाचे केस, तुमच्या जुन्या इरकली लुगड्याचा झगा. नाक मी दोनदा रंगवलं. ईट गावाजवळच्या एका वस्तीवर दर शनिवारी मुलांना बाहुल्यांचा खेळ शिकवते. समाजमंदिरात दोन खांबांना साडी बांधायची, मागे बसायचं, बाहुली घातलेला हात वर. पहिल्याच दिवशी तुमचा नियम सांगते: बाहुली जे बोलेल ते नंतर त्या मुलाला विचारायचं नाही. म्हणून तर मुलं बोलतात.

श्रावणात एक मुलगी म्हातारी घेऊन बसली. सोळा वर्षांची, हातात कला. म्हातारी कमरेतून वाकली आणि म्हणाली, "आगं बायांनो, ह्या पोरीला लगीन न्हाय करायचं. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी लागती म्हणून कुणाच्या बी गळ्यात बांधताव व्हय? इचारा की तिला कुणीतरी." समोरून एक पोरगी ओरडली, "म्हातारे, तुझंच लगीन लावू चल! दात हायत का पर?" सगळे हसले. साडीमागून तीही हसली. मी म्हणाले, "छान. आवाज जरा मोठा काढ."

दसरा झाला आणि ती यायची थांबली. तिची मैत्रीण म्हणाली, "तिचं झालं की लगीन, म्याडम. ऊस तोडायला कारखान्यावर गेली." मी बरं म्हणाले आणि साडी बांधायला घेतली. रडू आलं नाही. अजूनही येत नाही.

मी नियम पाळला, असं स्वतःला सांगते. पण बेंबळीच्या शाळेत, सातवीत, माझ्याच हातावरची हीच म्हातारी म्हणाली होती की उद्यापासून शाळा बंद, म्हशी राखायच्या. वर्गात तुम्ही मला काहीच विचारलं नाहीत. संध्याकाळी मात्र आमच्या चुलीपाशी येऊन बसलात. मी दाराआड उभी आहे. आई तुम्हाला भाकरी वाढते, तुम्ही सावकाश खाता. वडिलांना म्हणता, "तुमची लेक गेली तर माझ्या म्हातारीत हात कोण घालणार?"

"बाई, म्हशी काय बाहुल्या हायत व्हय?"

"नाहीत ना. म्हणून त्या तुम्ही बघा."

वडील हसतात. दुसऱ्या दिवशी मी शाळेत असते. विचारायचं नाही, एवढाच तुमचा नियम होता. काही करायचं नाही, असं तुम्ही कधीच म्हणाला नव्हतात.

हा कागद घडी करून म्हातारीच्या डब्यात ठेवीन. एक राहिलं. ही आठवण मला लग्नाचं कळल्यावर आली, असं नाही. श्रावणातल्या त्याच शनिवारी, तिथंच आली होती. तिचं घर समोरच होतं, दार उघडं होतं. माझी एसटी साडेपाचची होती. ती मी गाठली.