तळघरात पूर्ण रेंज

सोमवार
नवं शहर, नवी नोकरी! ताईने तिच्याच घरात मला खोली दिली, सामानही लावून दिलं. काम मोठ्या इस्पितळात: कानाकोपऱ्यात मोबाइलची रेंज पोचवायची. टेकडीवरचा मोठा टॉवर अख्खं शहर सांभाळतो, पण इथल्या जाड भिंतींपुढे त्याचं काही चालत नाही. म्हणून गच्चीवर मध्यम अँटेना आणि आत छताला सेल, म्हणजे जेवणाच्या डब्याएवढे छोटे टॉवरच. बोलत चाललं की फोन एकाकडून दुसऱ्याकडे हातोहात जातो, बोलणाऱ्याला पत्ताही लागत नाही. साहेब म्हणाले, आधीचा तंत्रज्ञ न सांगताच निघून गेला, तळघर अर्धवट राहिलंय. म्हटलं, माझ्यावर सोडा.

मंगळवार
तळघर पालथं घातलं. एक्स-रे विभागामागे अजून एकही सेल बसवलेला नाही, तरी फोनवर सगळ्या दांड्या भरलेल्या! तिथूनच ताईला फोन करून सांगितलं, घरातला नळ गळतोय, प्लंबरला बोलाव. संध्याकाळी बघते तर नळ गळतोच आहे. ताई म्हणाली, अगं, तू तर म्हणालीस सगळं छान आहे, जेवायला थांबू नकोस. दोघी खूप हसलो. कामाच्या नादात मी काय बोलले कोण जाणे.

बुधवार
आधीच्या तंत्रज्ञाची आई स्वागतकक्षात आली होती. मुलगा घरी येत नाही, पण फोन रोज करतो. काय म्हणतो, मी विचारलं. म्हणाल्या, "सगळं छान आहे आई, जेवायला थांबू नकोस."
काल ताईला माझ्याकडून ऐकू आलेले हेच ते शब्द.
साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, घरात भांडण झालं असेल, तुम्ही कशाला जिवाला लावून घेता? पण मला काही स्वस्थ बसवेना.

गुरुवार
रेंज वाढत गेली तसतशी चालत गेले. एक्स-रे विभागामागे लोखंडी दार, आत खोली. छताला एक सेल. वायर नाही, तरी दिवा लागलेला. खाली तो आधीचा तंत्रज्ञ, भिंतीला टेकून. मी हाक मारली. मग वास आला. त्याच्या मांडीवरच्या फोनवर कॉल चालू होता. आई.
मागे दार लागलं. आतून कडीच नाही.
साहेबांना फोन लावून ओरडले, मला सोडवा. ते म्हणाले, घ्या की रजा, निवांत गावाला जाऊन या.

शुक्रवार असावा
ताईला रडून रडून सांगितलं. म्हणाली, किती खूश वाटतेस गं!
मेसेज पाठवला. पाठवताच अक्षरं बदलली — सगळं छान आहे.
दारावर लाथा मारल्या. पलीकडे यंत्रांची घरघर. कोणाला ऐकू —

नंतर
फोन लागला, पण मी बोललेच नाही. ओठ घट्ट मिटून बसले.
पलीकडे ताई हसली. माझ्या कुठल्यातरी विनोदावर.

फोन बंद केला. आपोआप चालू —
ताईला लागलाय. मी तोंड दाबून धरलंय, तरी ती कोणाशी तरी बोलते आहे. हो गं, म्हणते. येते ना तुझं काम बघायला, आत्ताच निघते. एक्स-रेच्या मागे ना? लोखंडी दार —
ताई, नको, ती मी ना