पेन्शनमध्ये न धरलेले रविवार

मुलुंड, पोलीस लाईन
११ मार्च २०२५

ती. कुंदाताईस,
नंदूचा शिरसाष्टांग नमस्कार.

तू जिंकलीस, कागद-पेन घेऊन बसलो आहे. परवा फोनवर तू पाच मिनिटं बोललीस, त्यातलं मला 'बोरिवली' आणि 'गाढव' एवढंच कळलं. बाकी सगळी यंत्राची शिट्टी. कानातलं हे यंत्र समोरासमोर ठीक चालतं, फोन जवळ नेला की बोंबलतं. तीसेक गणपती विसर्जनं लाऊडस्पीकरच्या भिंतीला पाठ लावून काढल्यावर कानांनी तरी किती सोसायचं. आणि मोबाईलवर तुझ्या प्रत्येक निरोपाला मी नुसता अंगठा पाठवतो ही तक्रारही कबूल. ती बारीक अक्षरं टाइप करण्यापेक्षा पत्र बरं.

डिसेंबरअखेर मी सुटतो. सहायक फौजदार म्हणून सुटतो, म्हणजे शिपाई म्हणून लागलेल्या माणसाने बरीच मजल मारली म्हणायची. पेन्शनचं गणित मी नीट बसवलं आहे. आम्हा जुन्या लोकांची पेन्शन शेवटच्या दहा महिन्यांच्या पगारावर ठरते. सुट्टीच्या दिवशी ड्युटी केली की त्या दिवसाचा जादा पगार मिळतो आणि तो महिन्याच्या एकूण पगारात येतो. तेव्हा मार्च ते डिसेंबर एकही सुट्टी घ्यायची नाही. पगार फुगेल आणि त्या फुगलेल्या पगाराचा अर्धा भाग मला जन्मभर, माझ्यामागे मथुराला थोडाफार मिळत राहील. पोलीस ठाण्यात मी सांगूनच टाकलं आहे की ज्याला सुट्टी हवी त्याने आपली ड्युटी मला द्यावी. पोरं खूश आहेत. मथुरा काही बोलली नाही, म्हणजे तिला पटलं असावं.

गोड बातमी तुला मथुराने सांगितलीच असेल. रेवतीला दिवस गेले आहेत. पहिलं बाळंतपण आपल्याकडेच, मुलुंडला. जावईबापू केतन यांच्या घरच्यांशी तसं बोलणं झालं आहे.

तब्येत सांभाळ. रागावलीस तरी भावावरची माया आहे तेवढी राहू दे.

तुझा,
नंदू

बोरिवली
२२ मार्च २०२५

चि. नंदकिशोर यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी आधी हसले आणि मग डोक्याला हात लावला. 'गाढव' ऐकू आलं ना, मग मुद्द्याचं पोचलं.

मथुरा बोलली नाही म्हणजे तिला पटलं, हा शोध तू लग्नाला बत्तीस वर्षं झाल्यावर लावतोस, धन्य आहे. अरे, ती बोलणं सोडून देते तेव्हा तिला अजिबात पटलेलं नसतं. हे मला बोरिवलीत बसून कळतं, तुला एका खोलीत राहून कळत नाही.

पेन्शनचं मला फारसं समजत नाही. मी शाळेत भूगोल शिकवला, माझी पेन्शन येते तेवढी मी घेते. पण तुझं गणित तूच मांडलंस आणि तूच तपासलंस, त्याचं काय? ज्याच्या टेबलावर तुझे कागद तयार होणार त्याला एकदा विचार की. विचारायला जाताना काय तुझ्या टोपीतला मान कमी होणार आहे?

आता कामाचं. रेवतीचं डोहाळजेवण मी करणार, माझ्याकडे. त्यांचं अंधेरीचं घर म्हणजे दोन माणसं आली की तिसऱ्याने बाहेर उभं राहावं. पंधरा जून, रविवार. तीन महिने आधी सांगते आहे. त्या दिवशी मला कुठलाही मंत्री, मोर्चा किंवा मिरवणूक सांगायची नाही.

मथुराला आशीर्वाद. माझा राग जुना आहे आणि लोभही जुनाच आहे, दोन्ही सांभाळून घे.

तुझी,
कुंदाताई

मुलुंड
१९ जून २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू रविवारपासून एक निरोपही पाठवला नाहीस, म्हणजे माझी चांगलीच वाट लागलेली आहे. तरी माझी बाजू ऐक.

पंधरा तारीख माझ्या डोक्यात होती. पण आमच्या पोलीस ठाण्यातल्या मार्तंडच्या मेव्हण्याचं लग्न त्याच दिवशी निघालं. त्याची ड्युटी मी दोन आठवडे आधीच घेऊन बसलो होतो, तारीख न बघता. नंतर माघार घेतली असती तर त्याने लग्नाला जायचं कसं? संध्याकाळी तरी येईन म्हटलं होतं, तर सुटलोच नऊनंतर.

मंगळवारी रेवती इथे आली आणि माझ्या बऱ्या कानाच्या बाजूला बसून जे काही बोलली ते सगळं ऐकू आलं. तिला पोलिसात मीच घातलं, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा जड गेलं. तिचं म्हणणं असं की सुट्टीचा पगार पेन्शनमध्ये धरतच नाहीत. या नव्या मुलांना आमच्यासारखी पेन्शन नाही. त्यांच्या पगारातून दर महिन्याला काही रक्कम कापतात, सरकार आपली भर घालतं, आणि ते साठवून पुढे पेन्शन मिळते. गेल्या वर्षी मी सांगितलं म्हणून तिने एका महिन्यात सगळ्या सुट्ट्या ड्युटीत घातल्या. हातात पगार जास्त आला, पण पेन्शनची कपात होती तेवढीच राहिली. रुपयाचा फरक नाही. म्हणजे त्या दृष्टीने तो पगार नव्हताच, असं ती म्हणते.

मी म्हटलं की तुमचं नवीन, आमचं जुनं, तू मला शिकवू नकोस. तर म्हणाली की मग पेन्शनचं काम बघणाऱ्या श्यामकांतकाकांना विचारा. मी म्हटलं गरज नाही. मग ती म्हणाली की मी शाळेत नाचले तेव्हा तुम्ही नव्हता, दहावीच्या निकालाला नव्हता, तेव्हा कुठले शेवटचे दहा महिने चालू होते. मथुरा आत भांडी लावत होती, ती मुद्दाम मोठ्याने लावत होती.

या बायकांना कळत का नाही, ताई? मी कुणासाठी उन्हात उभा राहतो? मला काय हौस आहे?

उत्तर पाठव, शिव्या असल्या तरी चालतील.

तुझा,
नंदू

बोरिवली
३ जुलै २०२५

चि. नंदूस,
आशीर्वाद.

शिव्या द्यायला शाई वाया घालवत नाही. काय झालं ते फक्त सांगते.

तीस बायका आल्या होत्या. केतनची बहीण श्वेता हिने झोपाळा सजवला होता. रेवतीने तुझं ताट वाढून झाकून ठेवायला सांगितलं. चार वाजले तेव्हा तिने ते स्वतःच पुढे ओढलं आणि खाल्लं. दोन जिवांचं खाते म्हणून बायका हसल्या. रेवती हसली नाही. खाली मान घालून पानातलं सगळं संपवलं आणि ताट स्वतः उचलून मोरीत नेऊन ठेवलं.

कुणासाठी उन्हात उभा राहतोस म्हणून विचारतोस. ज्यांच्यासाठी उभा राहतोस त्यांनी तुला उभं राहायला सांगितलं होतं का, हे आधी विचार. मला तुझा राग येतो तो यासाठी की तू वाईट माणूस नाहीस. वाईट असतास तर मी केव्हाच तुझा नाद सोडला असता.

श्यामकांतकडे जा. मोठ्या बहिणीची आज्ञा समज. आणि जाऊन आलास की जे काय असेल ते खरं लिही.

तुझी,
ताई

मुलुंड
२१ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गेलो होतो. पेन्शनच्या कागदांवर सही करायला बोलावलंच होतं, म्हणून गेलो, तुझी आज्ञा म्हणून नव्हे, एवढं तरी मला राहू दे.

रेवतीचं बरोबर आहे. जुन्यांनाही तेच. पेन्शन ठरते ती मूळ पगारावर. सुट्टीच्या ड्युटीचा पगार हा मूळ पगार नाही, तो मोबदला. त्या महिन्यात दिला, संपला. मी महिन्याच्या कागदावर खालची एकूण रक्कम बघत होतो आणि श्यामकांत वरच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवत होता. मी त्याला विचारलं की हे एवढी वर्षं कुणी सांगितलं का नाही. तो म्हणाला की कुणी विचारलंच नाही. चांगला माणूस आहे, त्याने चहाही मागवला. चहा तसाच ठेवून मी उठलो.

ताई, मला संताप कशाचा येतो सांगू? ड्युटी खरी होती. घाम खरा होता. दिवाळीत लोक आपल्या घरी फराळ करतात तेव्हा नाक्यावर मी उभा होतो, आणि तो रविवारसुद्धा सोमवारसारखाच लांब होता. मग पेन्शन ठरवताना तेवढेच दिवस खोटे कसे होतात? नोकरीत होतो म्हणूनच ना तिथे होतो? श्यामकांत म्हणतो की नियम आहे. आहे तर आहे. पण मार्चपासून ज्या सुट्ट्या मी लोकांना वाटल्या त्यांचं काय करू?

घरी कुणाला सांगितलेलं नाही. रेवती जुलैपासून इथेच आहे. एवढ्याशा घरात दिवसातून दहा वेळा समोर येते आणि गरजेपुरतं बोलते. अरुंद खोलीतून जाताना मी बाजूला होतो, ती बाजूला होते, आणि विषय तिथेच राहतो. मला तिला सांगता येत नाही. तू सांग ना. तुझ्याकडून ती ऐकेल.

तुझा,
नंदू

बोरिवली
२८ ऑगस्ट २०२५

चि. नंदूस,
आशीर्वाद आणि अभिनंदन, आजोबा.

मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, हे कळल्यावर मी शेजारच्यांना पेढे वाटून टाकले. सोयेरामुळे यंदा तुमच्याकडे गणपती नाही, पण घरात आली ती काय कमी आहे?

निरोप्याचं काम मी करणार नाही. तुझ्या तोंडून जे निघालं पाहिजे ते माझ्या तोंडून निघालं तर तिला काय मिळालं? बाळाला मांडीवर घेऊन एवढंच म्हण की तू म्हणालीस ते खरं निघालं. सात शब्दांच्या आत होतं.

बाराव्या दिवशी बारसं. नेमकी सहा सप्टेंबर, अनंत चतुर्दशी. केतनच्या घरचे दिवस बदलायला तयार नाहीत. नाव काय ठेवायचं ते श्वेताच्या कानात आहे, आत्या म्हणून तीच सांगणार, रेवती मलाही पत्ता लागू देत नाही. आता तरी एक दिवस माग. इतक्या जणांना दिलेस, एक परत माग.

तुझी,
ताई

मुलुंड
१४ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बारशाच्या दिवशी तू सकाळपासून माझ्या घरी होतीस आणि मी तुला दिसलो नाही, म्हणून हे पत्र.

मी मागितली होती. गणपतीत रजा बंद असते हे मलाही माहीत आहे, तरी मोठ्या साहेबांसमोर उभा राहिलो. ते म्हणाले की विसर्जनाच्या दिवशी एकाला सोडलं तर पन्नास जण रांगेत उभे राहतील. चुकीचं बोलले नाहीत. मार्तंडला विचारलं. तो बिचारा म्हणाला की त्या दिवशी सगळेच ड्युटीवर, मी तुम्हाला काय देऊ? माझ्या सगळ्या सुट्ट्या त्याच्यासारख्यांच्या घरी लग्नात, जत्रेत, पोरांच्या वाढदिवसात कधीच खर्च झाल्या आहेत. त्या परत कशा यायच्या?

मग मी ठरवलं की न सांगता घरी राहायचं. व्हायचं ते होऊ दे. श्यामकांतच्या कानावर घातलं तर तो खुर्चीतून उठलाच. म्हणाला की असं काही करू नका, विनापरवानगी गैरहजेरी लागली तर नोकरीत खंड धरतील आणि पेन्शनचे कागद अडकतील. बघ ताई. सुट्टीच्या दिवशी काम केलं ते धरत नाहीत. एक दिवस काम केलं नाही तर तेवढं मात्र धरतात. मला तिथेच मोठ्याने हसू आलं. श्यामकांत घाबरला.

गेलो ड्युटीवर. पवईच्या तलावावर होतो, दुसऱ्या दिवशी दुपारी सुटलो. घरी आलो तर सगळ्या झोपल्या होत्या. पाळण्याला अजून फुलं होती. ओट्यावर बर्फीचा डबा होता, त्यावर छापलेला कागद चिकटवला होता. नातीचं नाव गंधाली आहे हे मी बर्फीच्या डब्यावर वाचलं.

मथुरा उठली, तिने चहा ठेवला. तिला मी सांगून टाकलं, पेन्शनचं, सगळं. ती म्हणाली की पैसे त्या त्या महिन्यात आले होते, रेवतीच्या शाळेला लागले, दवाखान्याला लागले, पेन्शनमध्ये आले नाहीत म्हणून वाया गेले असं नाही. मला वाटलं ती मला माफ करते आहे. मग म्हणाली की रविवार मात्र पगारात यायचे नव्हतेच, ते इथे यायचे होते. आणि कप उचलून आत गेली.

रेवतीशी अजून बोललेलो नाही. ती अंधेरीला परत गेली की तिला पत्र लिहीन म्हणतो. समोर उभं राहून मला जमत नाही, काय करू.

तुझी माया आटू देऊ नकोस, सध्या दुसरीकडे फारशी शिल्लक नाही.

तुझा,
नंदू

अंधेरी
२७ फेब्रुवारी २०२६

ती. बाबांस,
रेवतीचा सा. न.

तुमचं जानेवारीचं पत्र मिळालं होतं. तीन पानं पेन्शनच्या नियमावर, अर्धं पान सरकारवर, आणि शेवटी सहीच्या वर एका ओळीत की माझं बरोबर होतं. आत्याने विचारलं की उत्तर दिलंस का. दिलं नव्हतं, कारण मला ती साडेतीन पानं वाचून राग आला आणि ती एक ओळ वाचून रडू आलं, आणि दोन्हीला एकत्र काय उत्तर लिहितात ते मला माहीत नाही.

बाळंतपणाची रजा संपून मी या महिन्यात हजर झाले. पहिल्याच आठवड्यात एकीने विचारलं की रविवारची ड्युटी घेशील का, तिच्याकडे पूजा आहे. तोंडातून हो निघत होतं, बाबा. तुमच्यासारखंच. मी नाही म्हटलं. तिला राग आला. पण माझी पेन्शनची कपात तेवढीच राहणार आणि गंधाली मात्र एका रविवारने मोठी होणार. मी नाही म्हटल्याचं मला दिवसभर वाईट वाटत राहिलं, ते का वाटावं यावरही राग आला.

आई सांगते की तुम्ही हल्ली रविवारी सकाळी दाढी करून, कपडे घालून खुर्चीत बसता आणि कुठे जायचं ते तुम्हाला सुचत नाही. या रविवारी इकडे या. केतन कामाला जाणार आहे, मी घरी आहे.

फार बोलायला लागेल अशी भीती बाळगू नका. रविवारी दिवसभर बापाशी काय बोलतात हे मलाही येत नाही, आपण दोघांनी कधी केलंच नाही. तुम्ही आलात की गंधालीला घ्या. ती अनोळखी माणसाकडे रडते, थोडा वेळ रडेल, तिला खाली ठेवू नका. मी आत जाऊन झोपणार आहे, मला महिन्याभराची झोप राहिली आहे.

आईला आणायला हरकत नाही, पण बाळाला तुम्हीच घ्यायचं.

तुमची,
रेवती