निम्म्या वेगाची लढाई

४ फेब्रुवारी २०१३
चालला! म्हणजे — सरपटला. दादाचा कन्सोल गेल्या पावसात वीज पडून जळला, पण बंदुकांच्या गेमची डिस्क शाबूत होती. इम्युलेटर म्हणजे कॉम्प्युटरला "तू कन्सोलच आहेस" असं पटवणारा प्रोग्राम. आमच्या कॉम्प्युटरला पटतं, पण कुरकुरत. सैनिक गुडघाभर चिखलातून चालल्यासारखे चालतात, गोळी म्हशीसारखी हंबरते! मी हसून लोळले. दादा हसला नाही.

५ फेब्रुवारी
ऑक्टोबरात सुर्ल्याहून येताना दादाची मोटरसायकल घसरली, तेव्हापासून उजवा हात लुळा. डॉक्टर स्पष्ट म्हणाले — बोटं आता हलवली नाहीत तर कायमची आखडतील. बंद पडलेल्या खाणी उद्या परत सुरू झाल्या तर दादाचा खनिजाचा ट्रक कोण हाकणार? व्यायामाचा रबरी चेंडू दादासाहेबांनी कुत्र्याला देऊन टाकला. आज दारावर आलेल्या पोदेराकडून उंडे पाव घेतानाही डावाच हात पुढे, उजवा खिशात. गेम खेळताना तरी बोटं हलतील, म्हणून हा माझा खटाटोप.

८ फेब्रुवारी
दादाने गेममधला पूल ओलांडला! अंगठा बटणावर उशिरा पोचतो, पण पोचतो. आई दारातून ओरडली, "मार रे ताका, फाटल्यान आसा!" मागून येणारा शत्रू तिलाच आधी दिसला — झुरळालाही न मारणारी माझी आई!
मला मात्र तो संथपणा सोसवत नाही. गंमत म्हणजे भिंतीसमोर उभं राहिलं की गेम पळतो, मैदानाकडे वळलं की रखडतो. असं का? खूप वाचलं. मैदानात झाडं, धूर, माणसं, सगळंच कॉम्प्युटरला रेखाटावं लागतं. भिंतीसमोर नुसती भिंत. काय भारी!

१२ फेब्रुवारी
माझ्या वर्गातला किरण डिचोलीला कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याने जुनं ग्राफिक्स कार्ड आणून बसवलं. "आतां धांवता पळय!" धावलाच — पूर्ण वेग! मी टाळ्या पिटल्या.
दादा दहा सेकंदांत मेला. परत मेला. सहाव्यांदा कंट्रोलर खाली ठेवला, हात खिशात घातला. "म्हज्यान जावचें ना." माझ्याने होणार नाही म्हणाला आणि बाहेर निघून गेला.
गेम संथ होता म्हणूनच त्याला जमत होतं! आणि मीच मेली तो नीट करायला बसले. खूप रडले.

१३ फेब्रुवारी
सेटिंगमध्ये वेगाचा आकडा सापडला. शंभराचे पन्नास केले. दादाला खुशाल थाप मारली — कार्ड बिघडलं. दुपारी आपणहून खेळायला बसला.

२० फेब्रुवारी
बावन्न. गुपचूप.

२७ फेब्रुवारी
पंचावन्न. त्याला पत्ताच नाही! पुलानंतरचं गोदामही जिंकलं.

६ मार्च
अठ्ठावन्न. आज शर्टाची बटणं त्याने स्वतः लावली. मी पेपर वाचत असल्याचं नाटक केलं.

७ मार्च
सेटिंग उघडलं. आकडा सत्तर! आई तर माऊसला हातही लावत नाही. दादाकडे बघितलं. पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "तूं खूब सवकास वाडयता गो, सेजल."