पाळीतला तुडूम

टोली, अड्याळजवळ
मंगळवार, १९ ऑगस्ट

खुशबू बेटा,

आशीर्वाद. आम्ही बरे. धानाचा रोवणा आटोपला. गाय व्याली, गोऱ्हा झाला. तिकडे नागपूरले वेळेवर जेवत जा, मागच्या खेपेले गालफाडं बसली होती तुझी.

सकाळी दोनदा फोन लावला, पण तुझा बाप कान लावून होता. गाईचं सांगून ठेवून दिला. तोंडानं सांगवत नाही, म्हणून आता शेजारच्या तुळसाकडे बसून लिहून राहिली. ती या कागदाचा फोटो तुले धाडते.

मे महिन्यात तू तलावाच्या पाळीचं गणित करायले आली होतीस. म्हणालीस, "आई, कंप्युटरवर पाळीचे तुकडे पाडते, हरेक तुकड्यात वाकडी रेघ बसवते. रेघेचा घात वाढवला का चूक झपाट्यानं कमी होते. किती उरली तेही सांगता येते." मी म्हटलं, चूक काढायची सोडून तिचं माप काय घेतेस? तू हसलीस. मंग म्हणालीस, "पण आतली माती एकसारखी पाहिजे. आत पोकळी, दगडाचा कोपरा असला तर घात कितीही वाढव, तिथली चूक हटत नाही. माझं माप खोटं पडते. असं काही आहे का पाळीत?"

मी नाही म्हटलं. भात वाढत होती, मान पण वर केली नाही.

आहे. पाळीतून पाणी सोडायले नवीन तुडूम बांधला तेव्हा तुझ्या आजोबानं जुना दगडी तुडूम काढलाच नाही. त्याचं तोंड तेवढं बुजवलं, आतली पोकळी तशीच ठेवली, वर माती लोटली, अन् आपली धानाची मोठी बांधी तिथवर सरकवली. सांगितलं असतं तर खोदकाम आलं असतं, बांधी गेली असती. तुझा बाप म्हणे, गप राय. पण त्याच्यावर ढकलत नाही. तू मले विचारलं होतंस.

पाळ पक्की असल्याचा तुझा कागद पाहून तलावाच्या साहेबानं यंदा तलाव वरच्या खुणेपर्यंत भरू दिला.

बांधीच्या कोपऱ्यात पाणी नेहमीच पाझरते, पण नितळ. कालपासून गढूळ येऊन राहिलं. आज हात घातला तर ओंजळीत रेती, म्हणजे पाळ आतून धुऊन राहिली. तलावाच्या चौकीदाराले सांगितलं, तर म्हणते, "काकू, पाळ पक्की आहे, तुमच्याच पोरीनं लिहून दिलं."

पाळीखाली मालनबाईची वस्ती, बावीस घरं. तिची गुड्डी बाळंतीण आहे.

तू साहेबाले आत्ता फोन कर, पाणी सोडायले लाव. गणित चुकलं म्हणू नको. आई खोटं बोलली म्हण. मी मालनबाईकडे निघाली. शिव्या देईल, देऊ दे, पण घरातून काढीन तिले.

बापाले अजून सांगितलं नाही.

कोणी लिहून मागितलं तर माझं नाव पुरं दे.

सत्यभामा ताराचंद हटवार,
तुझी आई