थॉर्नबी आडनावाच्या माणसाचे बुऱ्हाणपुरातील मरण

प्रति,
श्री. इच्छापूरकर, नोंद अधिकारी,
मृत्यू-नोंद कचेरी, तापीकाठ विभाग,
बुऱ्हाणपूर

विषय : कै. लीलाधर कौतिक थॉर्नबी, निवृत्त शिक्षक, यांच्या मृत्यूची नोंद नाकारल्याबाबत.
संदर्भ : आपले गेल्या सोमवारचे पत्र.

महोदय,

१. अर्जदार ही कै. लीलाधर मास्तरांची मुलगी. वडिलांचे क्रियाकर्म आटोपून ती आपल्या कचेरीत आली, तेव्हा कारकून नंदकुमार म्हणाले, "बाई, तुमचे लोक तर बोटीनं गेले ना? तुम्हीच कशा मागं राहिल्या?" अर्जदाराने ही थट्टा समजून सोडून दिली. पुढे तीच थट्टा आपल्या सहीने टपालात आली : थॉर्नबी हे इंग्रज कुटुंब देश सोडून गेले असल्याने त्या नावाचा इसम येथे मयत होणे संभवत नाही; लंडनला चौकशी करावी.

२. आडनाव विलायती आहे, हे आपण अचूक ओळखले. थॉर्नबी म्हणजे काटेरी झाडांजवळचे गाव. त्यातला गाव या अर्थाचा 'बी'सुद्धा मूळचा इंग्रजांचा नव्हे. समुद्रापलीकडून आलेल्या डेन लोकांनी तो तिकडे नेला. आपल्या न्यायाने लंडनने ही चौकशी डेन्मार्ककडे पाठवावी. आपणही गावावरूनच इच्छापूरकर आहात. आपली नोंद करण्याची वेळ येईल तेव्हा कोणी ती इच्छापूरच्या हद्दीत ढकलू नये, अशी अर्जदाराची सदिच्छा आहे.

३. हे नाव एका साहेबासोबत मुंबईस उतरले व येथील कापसाच्या जिनात आले. अर्जदाराचे आजोबा कौतिक तेथे रुईच्या गाठींवर साहेबाच्या नावाचा शिक्का मारीत. लोक त्यांना कौतिक थॉर्नबी म्हणू लागले, आणि मुलाला शाळेत घालताना त्यांनी तेच आडनाव सांगितले. साहेब पुढे ऑस्ट्रेलियास गेला, नाव राहिले. समुद्र ओलांडला तो नावाने. अर्जदाराच्या घरातले कोणी जळगावपलीकडे गेलेले नाही.

४. "एखादं देशी आडनाव लिहून द्या, आता देश स्वतंत्र आहे," असे आपण तोंडी सुचवलेत. वडील जन्मभर थॉर्नबी मास्तर होते. त्यांना दुसऱ्या कुणाच्या नावाने मारणे अर्जदारास जमणार नाही.

५. आपले पत्र आईस, श्रीमती धुरपदाबाईंस, वाचून दाखवावे लागले. त्या म्हणाल्या, "सायेब म्हनतो ते गेलेच नाहीत. मंग मी कुकू लावू का?" याचे उत्तर आपण लेखी द्यावे, अथवा नोंद करावी.

उत्तराची वाट पाहणारी, आपली नम्र,
सुनंदा लीलाधर थॉर्नबी
बुऱ्हाणपूर, १२ डिसेंबर १९५०

सोबत : आपले पत्र, परत.