ताप उतरल्यावर

पनवेल, गुरुवार संध्याकाळ

मधुराचा ताप आज उतरला आणि मी घाबरले. गेल्या वर्षी ह्यांचा असाच उतरला होता. आम्ही देवापुढे साखर ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी हे गेले. डेंग्यूत खरा धोका तेव्हाच सुरू होतो, हे कुठे ठाऊक होतं? लेकीचा तर हा दुसरा डेंग्यू. पहिल्या वेळी अंगात आलेली प्रतिकारशक्तीच कधीकधी उलटते म्हणे.

"आई, ताप गेलाय. घरी चल ना!"

"गेलाय म्हणूनच दवाखान्यात थांबायचं."

सासूबाईंनी फोनवर विचारलं, साखर ठेवू का? उद्या, म्हटलं.

आत्ताच डॉक्टर म्हणाले, रक्त घट्ट झालेलं नाही, म्हणजे त्यातलं पाणी नसांबाहेर झिरपत नाहीये, धोका टळत चाललाय. मधुराने लगेच मऊभात ढकलून मिसळ मागितली. मी रागावले, ह्यांच्यामागे पहिल्यांदाच एवढ्या मोठ्याने.